आईची शेवटची अंघोळ

आमच्याकडे घरातली बाई गेली की तिला अंघोळ बायकाच घालतात. पुरुष बाहेर ओट्यावर बसतात, खोलीचं दार लागतं, आणि आत काय चाललंय ते कोणी विचारत नाही. काकू गेली तेव्हा मी पहिल्यांदा त्या दाराच्या आत होते. जन्मभर जिच्यावर कोणाची ना कोणाची नजर राहिली, तिला शेवटी एक बंद दार मिळतं, हे मला बरं वाटलं होतं. अजूनही वाटतं. म्हणूनच आईच्या वेळचं सांगताना राग येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

आम्ही दोघी बहिणी. मी थोरली. धाकटी जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून बडोद्यात, वाडीतल्या आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले होते. शिकून पुण्याला नोकरीला गेलेला तो मुलगा काही वर्षांनी केस वाढवून, पंजाबी ड्रेस घालून बडोद्याला आला आणि म्हणाला, मी मुलगी आहे, लहानपणापासून आहे. पेढे परत मागायला कोणी आलं नाही, एवढंच. वडील तोवर गेले होते. आई तिच्याकडे बघून म्हणाली, "आधी जेवून घे, मग बघू." ते 'मग बघू' बरीच वर्षं चाललं. आई तिच्याशी बोलायची, तिच्या आवडीची डाळढोकळी करायची, पण तिला मुलगी म्हणायची नाही आणि मुलगाही म्हणायची नाही. "अगं", "अरे" दोन्ही टाळून नुसतं "ऐक" म्हणून हाक मारायची.

आईच्या लाजेबद्दल सांगायला हवं. दवाखान्यात पुरुष डॉक्टर असतो म्हणून तिने छातीतली गाठ कोणाला दाखवली नाही. मला नाही, तिच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे मावशीलाही नाही. दुखणं सोसवेना तेव्हा दाखवली, आणि मग एक बाजू पूर्ण काढावी लागली. मावशीला आम्ही सांगितलं की छोटी गाठ होती, काढली. आईचाच तसा हुकूम होता. दोघी बहिणींत आई देखणी म्हणून लहानपणापासून नावाजलेली, आणि मावशीने आपली कीव केलेली तिला चालणार नव्हती.

धाकटी पुण्याची नोकरी सोडून आली. दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच हवी असा नियम होता. ती पिशवी घेऊन आईच्या खाटेशी बसली तर शेजारच्या खाटेवरची बाई रडायलाच लागली. तिचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, अंगावर धड कपडे नाहीत. नर्स बहिणीला बाहेर जा म्हणाली, तशी मी नर्सशी भांडायला उठले. माझा राग नाकावरच असतो. धाकटी म्हणाली, "राहू दे ताई, तिला खरंच भीती वाटतेय." आणि बाहेर जिन्यापाशी जाऊन बसली. आई हे सगळं पडल्या पडल्या बघत होती.

घरी आल्यावर जखमेची पट्टी बदलायला एक नर्स यायची, ती यायची बंद झाली. मी हात लावायला गेले की आई भिंतीकडे तोंड करायची. एके दिवशी मी शिकवते ती गोरव्यातली शाळा सुटल्यावर आईकडे गेले, तर आतल्या खोलीत आई स्टुलावर ताठ बसलेली, अंगावर पदरसुद्धा नाही, आणि धाकटी समोर बसून कापसाने जखम पुसत होती. दोघी कुठल्याशा मालिकेबद्दल बोलत होत्या. मी तशीच मागे फिरले आणि चहा टाकला. नंतर आई मला म्हणाली, "तिच्यासमोर लाज नाही वाटत. का ते विचारू नकोस."

तिने 'तिच्यासमोर' म्हटलं. मी विचारलं नाही.

पुढे जखम भरली, पण ब्लाउज एका बाजूने पोकळ दिसायचा. आईला देवळात कीर्तनाला जायचं होतं आणि पाऊल बाहेर पडत नव्हतं. धाकटीने आईच्या जुन्या मऊ साडीचा तुकडा घेतला, गोल पिशवी शिवली, आत कापूस आणि वजनाला राई भरली. आमच्याकडे मोहरीला राईच म्हणतात. असल्या पिशव्या ती स्वतःसाठी किती वर्षं शिवत आली होती, हे मला तेव्हा कळलं. ब्लाउजला आतून खिसा लावला, पिशवी बसवली, आणि आईला आरशासमोर उभं केलं. आईने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. म्हणाली, "वजन बरोबर जमलंय. आणि फाटलीच कधी, तर फोडणीला होईल." दोघी इतक्या हसल्या की समोरच्या गुजराती बेन खिडकीत आल्या.

दुखणं परत उलटलं तेव्हा आता काही होण्यासारखं नाही हे तिघींनाही कळलं होतं. शेवटच्या दिवसांतही कोणी भेटायला येईल म्हणून आई ती पिशवी काढू द्यायची नाही. अशीच एका सकाळी, ब्लाउज-साडी नीटनेटकी, आई गेली.

मावशी पाणीगेटहून सुनेला घेऊन आली. येताना आईसाठी कोरी साडी आणि कोरा ब्लाउज घेऊन आली. मावशी दुष्ट नाही. दुष्ट असती तर माझं काम सोपं झालं असतं. आईच्या पायांवर डोकं ठेवून ती रडली, मग डोळे पुसून पदर खोचला आणि म्हणाली, "चला, पाणी तापवा." धाकटीने तिच्या मागोमाग खोलीत पाऊल टाकलं.

"तू नको," मावशी म्हणाली.

"मावशी, मला आईला अंघोळ घालायची आहे. दुसरं काही मागत नाही."

"हे बघ बाळ, मला तुझा राग नाही. तुला जसं राहायचं तसं राहा. पण माझी बहीण जिवावर उदार झाली, परक्या पुरुषाला अंग दाखवलं नाही तिने. आज तिला बोलता येत नाही. तिच्या वतीने मी नको म्हणते."

"मी पुरुष नाही, मावशी."

"असशील किंवा नसशील. तिला काय वाटत होतं ते तुला ठाऊक आहे?"

त्या घरात हे ठाऊक असलेली तीच एक होती. मी सगळं सांगून टाकायला तोंड उघडलं, तर धाकटीने माझं मनगट घट्ट धरलं आणि मान हलवली. आईने मावशीला कळू द्यायचं नाही म्हटलं होतं. ते तोंडातून काढलं असतं तर दार उघडलं असतं. पण आईची झाकली मूठ उघडून तिला आत जायचं नव्हतं. मी गप्प बसले. अजूनही कधीतरी ते मनगट दुखतं असं वाटतं.

समोरच्या बेन मदतीला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दीकरी तो छे. आववा दो ने." मुलगीच आहे ती, येऊ द्या ना. मावशीने नुसता हात वर करून त्यांना थांबवलं. मग मावशीची सून हळूच मला म्हणाली, "ताई, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण आत आपण सगळ्या भिजणार, पदर सोडून वाकणार. मला अवघडल्यासारखं होईल. खोटं कशाला बोलू?" तिच्यावर मला चिडायचं होतं, जमलं नाही. आमची न्हाणी चौकात, दाराऐवजी पडदा. वारा आला की मी एका हाताने पडदा धरून अंघोळ केलेली मुलगी. बायकांना कडी का लागते ते मला कोणी समजावायला नको. पण त्या कडीच्या बाहेर माझी बहीण उभी होती, आणि तिलाही लहानपणापासून तोच पडदा धरून अंघोळ करावी लागली होती, हे कोणाला कसं समजावू?

तेवढ्यात ओट्यावरून मावसभाऊ आला. हातात कोरं धोतर. खाली बघत धाकटीला म्हणाला, "गुरुजी विचारतायत. अग्नी मुलाने द्यायचा, तर तू जरा हे नेसून..." पुढचं त्याला बोलवेना. धोतर तिच्या हातात आलं आणि तिच्यासमोर खोलीचं दार लागलं. तिने धोतराची घडी मोडली नाही. ते खुंटीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी तापवायला लागली. बादली दाराशी आणून दिली तेव्हा मला म्हणाली, "हात घालून बघ. आईला फार कढत चालत नाही."

आत हे सगळं माहीत असलेली मी एकटीच होते. मी म्हटलं, ब्लाउज राहू दे, वरूनच पाणी घालू. मावशीला ते पटेना. "शेवटची अंघोळ अशी उरकायची?" म्हणत तिने हुक काढले.

पिशवी तिच्या हातात आली. तिने आधी पिशवीकडे पाहिलं, मग आईकडे. मग पहिलं काम काय केलं, तर आईच्या अंगावर पदर ओढला आणि सुनेला व बेनना म्हणाली, "तुम्ही दोघी जरा मागच्या दाराने बाहेर व्हा." त्या गेल्या. मावशी खाली फरशीवर बसली.

"मला सांगितलं नाही तिने," ती म्हणाली. मग विचारलं, "कोणाला माहीत होतं?"

"मला. पण बघू मलाही दिलं नाही. जिने जखम धुतली, जिने हे शिवलं, तिला तू बाहेर ठेवलंयस."

मावशीने तांब्या उचलला. आम्ही दोघींनी आईला अंघोळ घातली, पुसलं, केस विंचरले. मावशीचा हात त्या व्रणाशी आला की थांबायचा, आणि मग इतका हलका फिरायचा की आईला दुखेल अशी तिला भीती वाटत असावी. मला वाटलं, आता उठेल, आता कडी काढेल.

कोरा ब्लाउज घालायला घेतला तर पिशवी बसेना. सारखी काखेकडे घसरायची. "तिला असं न्यायचं नाही," मावशी म्हणाली. "सगळी गल्ली बघायला उभी आहे." मी उठून दार हातभर उघडलं. धाकटी तिथेच होती, दाराला टेकून, पायाशी दुसरी बादली. तिने माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि तिला सगळं कळलं. तिने गप्प राहून जे राखलं होतं, ते आत उघडं पडलं होतं.

"कोऱ्याला आतून खिसा नाही ना," ती म्हणाली. "नुसती बसायची नाही. मला आत येऊ दे, अंगावरच टाके घालते."

माझ्या मागून मावशीचा हात दारावर आला. मला तो हात ढकलता आला असता. पण मी वळून पाहिलं तर मावशी दार अडवून नाही, दाराचा आधार घेऊन उभी होती. "ब्लाउज बाहेर दे," ती म्हणाली. "तिथेच शिवू दे."

मग माझी बहीण उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसली, ओट्यावरचे पुरुष माना वळवून बघत असताना, आणि आईच्या ब्लाउजला खिसा शिवायला लागली. घाईघाईचे टाके नाहीत. बारीक, जवळजवळ, नेहमी घालायची तसे. डोळे पुसायला ती मधून थांबायची, कारण टाका दिसायचा नाही. झाल्यावर दोरा दाताने तोडला, ब्लाउज फटीतून आत दिला आणि म्हणाली, "टोक बगलेकडे, शिवण खाली."

पिशवी बरोबर बसली. आई पूर्वीसारखी दिसायला लागली. मावशीने फटीशी जाऊन हळूच सांगितलं, "नीट बसलीय गं." इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा तिला 'गं' म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

धोतर खुंटीवरच राहिलं. मडकं मी धरलं. गुरुजींनी विचारलं कोण, मी म्हटलं, थोरली मुलगी, आणि ही धाकटी. गुरुजी मुकाट्याने पुढे झाले. घरच्या बायका दारातून मागे वळल्या. आम्ही दोघी पुरुषांबरोबर स्मशानात गेलो. तिथे ना बायकांची बाजू होती ना पुरुषांची, आणि अडवायला कोणी नव्हतं. फक्त आता आईला हात लावता येणार नव्हता.

चितेने नीट पेट घेतला तसे लोक मागे सरकले. धाकटी सरकली नाही. धगीने तिचा चेहरा लाल झाला तरी ती कान देऊन उभी राहिली, आणि एकाएकी माझा हात धरला.

"ताई, राई तडतडली. ऐकलंस?"

लाकडांच्या आवाजात मला काही ऐकू आलं नव्हतं. मी हो म्हटलं.