अर्धा रोडगा

खामगावहून जानेफळची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत पाने होते, पक्कड होती आणि फडक्यात गुंडाळलेली एक काचेची नळी होती. तिला धक्का लागू नये म्हणून पिशवी सारा वेळ मांडीवर.

मी रत्नागिरीकडचा, सहावीतून शाळा सोडलेला इंजिनांचा मिस्तरी, कामासाठी खामगावात राहिलेला. भातावर वाढलेला. गेल्या महिन्यात खामगावच्या डॉक्टरांनी लघवीत साखर सांगितली आणि भात, गूळ, साखर सगळं बंद केलं. भाकरी जेवणाला अर्धी. पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. "साखर उतरली नाही तर अंगठा जाईल," म्हणाले. मग माझं तोंड बघून म्हणाले, "महिन्यातून एकदा मन मारू नका. पण काय खायचं ते आधी ठरवा, थोडं खा, दुसऱ्या दिवशी परत पथ्यावर या." ती नळी आणि निळं औषध त्यांनीच दिलं. औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं चालेल, विटकरी झालं तर वाईट. परमुलखात एवढी माया कोण करतो!

घाट चढल्यावर वारा गार झाला. दोन्ही बाजूंना तुरी, मधे पांढरा कापूस. आमच्याकडच्या उतरत्या कौलांची सवय असलेल्या डोळ्यांना इथली धाब्याची घरं जमिनीला टेकून बसल्यासारखी वाटत होती.

थांब्यावर नामदेवभाऊ आले होते. त्यांच्या नव्या विहिरीवर इंजिन बसवायचं होतं.

"मिस्तरी, पाणी निघालं की वावरात (शेतात) रोडगे! मारोतीले नवस हाय."

रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तुपात कुस्करून वांग्याच्या भाजीशी खायचे. ऐकूनच ठरवलं, या महिन्याचं माझं खाणं हेच.

तीन दिवस मी फार जपलो. अंबाडीची भाजी, भरीत, ताक, आणि अर्धी भाकरी मोडून उरलेली टोपलीत परत. पण इंजिन बघायला गाव लोटायचं आणि जो तो घरी न्यायचा. "अर्धाच कप घ्या हो!" पहिल्या घरी नको म्हणालो तर म्हातारबाबांचा चेहरा उतरला. पुन्हा कुठे नको म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी उसळलं. जेवणाआधी गोठ्यामागे जाऊन ब्लोलँपच्या ज्योतीवर नळी धरली. निळं हिरवं झालं, पिवळं झालं, मग विटकरी. चुकलं कुठे?

"काय शिजवून राह्यला बापा?" मागे नामदेवभाऊंची आई उभी.

लाजत सांगितलं. ती तिथेच बसली. "माह्या बुढ्याले हेच होतं. लघवीले मुंग्या लागत. अन् च्या किती पेला तू?"

"चहा? तो तर पिण्याचा, माय."

"पिण्याचा! त्यात गूळ घालतेत, का मीठ?"

मी घरं आठवू लागलो. पाच, सहा... बोटं पुरेनात. भाकरीचा तुकडा मोजणारा मी, कप मोजलेच नव्हते.

"मग रोडगा नकोच," मी म्हणालो.

"काऊन नको? नवसाचा हाय. च्या सोड."

वावरात पंगत बसली. पानात टाकायचं नाही ही इथली रीत, आणि वाढणारे ऐकत नाहीत. "मिस्तरी, तुमच्या हातानं पाणी आलं, अन् एकच?" दोन रोडगे समोर आलेच. माय उठून आली. एक टोपल्यात परत टाकला, दुसरा मोडला. "अर्धा त्याचा, अर्धा माहा. अन् आजपासून मिस्तरीले कोणी च्या देईन तं माही शपथ हाय!"

"आता मिस्तरी मायचे झाले बे," कोणीतरी म्हणालं आणि पंगत हसली. मीही हसलो. धुराचा वास असलेला तो अर्धा रोडगा मी इतका हळू खाल्ला, की माझं होईपर्यंत पंगत उठली होती.

दुसऱ्या दिवशी मेहकरकडून आलेली एसटी धरली. वाटेत थांब्यावर कंडक्टरने चहा पुढे केला. मी हात जोडले. त्याचा चेहरा उतरला नाही, कप त्याने स्वतःच पिऊन टाकला.

खामगावला पथ्यावर चार दिवस काढून पुन्हा नळी धरली. हिरवं झालं आणि तिथेच थांबलं. अंगठ्याच्या कडेला नवी, गुलाबी कातडी धरत होती.

त्याच दुपारी घरी पत्र टाकलं. आई, गणपतीला येईन तेव्हा माझ्यासाठी एकच मोदक ठेव. तो मी खाईनच. फक्त वाडीत आधी सांगून ठेव, चहाला कुणी बोलवू नका.