पितरांचं भांडं

बायकोला जाऊन वर्ष होत आलं तेव्हा मुलीनं विचारलं, "बाबा, आपण आईचं वर्षश्राद्ध करायचं?" मी म्हणालो, "मेलेली माणसं जेवत नाहीत. उगाच थोतांड नको." माझं उभं आयुष्य फाउंड्रीत धातू ओतण्यात गेलं, देवाधर्माशी कधी जमलंच नाही. शिवाय ही इथे अमेरिकेत, रेडमंडला वाढलेली, हिला श्राद्धातलं काय कळतंय, असंही मनात आलं. तिनं वाद घातला नाही. नुसतं "ओके" म्हणाली, आणि त्या शनिवारी मला बरं वाटावं म्हणून ड्राइव्ह करून म्युझियमला घेऊन गेली.

तिथे एक चिनी भांडं होतं. ब्राँझचं, तीन पायांचं, तीनेक हजार वर्षांपूर्वीचं, हिरवट गंज चढलेलं. पोटावर एक चेहरा होता: टपोरे डोळे, शिंगं, नाकाची उभी धार, आणि खालचा जबडा गायब. नीट बघितलं तर तो चेहरा म्हणजे समोरासमोर उभी असलेली दोन जनावरं. मी जाम खूश झालो.

"अगं, ही नक्षी नंतर कोरलेली नाही! मातीच्या साच्यातच उलटी घडवायची, साच्याचे तुकडे जुळवायचे, मग वितळलेला धातू ओतायचा. आणि सांधा कुठे लपवलाय बघ, त्या नाकात! काय डोकं होतं लेकाच्यांचं!"

ती काचेखालची पाटी वाचत होती. "यात काय शिजवायचे, बाबा?"

"मांस."

"कोणासाठी?"

पाटीवर लिहिलेलंच होतं. "गेलेल्या पूर्वजांसाठी," मी म्हणालो. "म्हणून काही ते येऊन जेवत नव्हते."

"आय नो." ती भांड्याकडेच बघत होती. "शेवटी शेवटी आईला घोटभर सूपही जात नव्हतं. मी रोज करायचे आणि रोज सिंकमध्ये ओतायचे. मला एकदाच तिला फुल ताट वाढायचंय, बाबा. दॅट्स ऑल."

मला रागावता येतं, रडता येत नाही. त्या वेळी रागावताही येईना. मी आपला त्या भांड्याचे पाय न्याहाळत उभा राहिलो. मग म्हणालो, "चल, निघू या."

परतताना बेलव्ह्यूच्या इंडियन ग्रोसरीपाशी मीच तिला गाडी थांबवायला लावली. तूरडाळीची पिशवी तिच्या हातात देत बजावलं, "आमटीत गूळच घाल हं. साखर घातलीस तर तुझी आई ताटाला हात लावायची नाही."