म्हात्रे मॅडमचा चिखल

म्हात्रे मॅडम चिखल आधी हुंगत, मग बाटलीत भरत. साडी खोचून खाडीकाठच्या तिवरांत उतरायच्या, मूठभर काळा गाळ नाकाशी धरायच्या आणि मला म्हणायच्या, "वास मारतो ना? मग जिवंत हाय."

पेणजवळच्या भातशेतीवाल्या घरातल्या त्या. रोह्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना भाषा पुस्तकी असे, चिखलात पाय पडला की गावची बोली सुटे. मी त्यांचा प्रयोगशाळा सहायक, पेणचाच. पेण-रोहा वाटेवर वडखळच्या कोंडीत एसटी अडकली की त्या खाली उतरून येरझाऱ्या घालत.

एका वर्षी खाडीच्या एका वळणावरच्या गाळाला वासच येईना. तिथले जिवाणू आम्ही धातूंचे क्षार घातलेल्या बशीत वाढवून पाहिले. इतर ठिकाणचे मेले, हे मात्र दाट उगवले.

"काय चिवट आहेत, मॅडम," मी खुशीत म्हणालो.

"चिवट व्हावं लागलंय त्यांना, दिनेश. तिथे काय साचलंय ते बघायला हवं."

मुंबईहून तपासणीचा अहवाल आला. गाळात शिसं आणि कॅडमियम भरपूर होतं, शिवल्यांत, म्हणजे तिथल्या शिंपल्यांतही, उतरलं होतं. ते कुठून आलं, हे मात्र त्यावरून कळत नव्हतं. वरिष्ठ म्हणाले, शोधनिबंध छापून येईपर्यंत थांबा.

मॅडम दोन दिवस प्रयोगशाळेत नुसत्या फिरत राहिल्या. त्याच वळणावर आदिवासी वाडीतल्या बाया शिवल्या काढून रोह्याशेजारच्या अष्टमी गावात विकत, उरलेल्या घरी शिजवत. तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "छापून येईस्तोवर पोरं खात राहणार. चल."

त्या बायांपैकी हिरा गुडघाभर चिखलात होती. मॅडमनी सगळं समजावलं. तिचा हात थांबला नाही.

"मंग खायाचा काय, बाई? तुमचा कागद?"

मॅडम वळून तडक परत निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेचं कुलूप उघडायच्या आधीच त्या दारात उभ्या होत्या. "इथल्या नको, एवढंच सांगून मी पळून आले रे. कुठल्या चालतील ते कोण सांगणार?"

मग दर महिन्याला आम्ही तिघं खाडीत. जागा हिरा दाखवी, नमुने आम्ही घेत असू. बऱ्याच जागा नापास झाल्या. अखेर खाली खाडीच्या मुखाकडे, तासभराच्या चालीवर, एक पट्टा बरा निघाला. हिरा तिकडे जाऊ लागली. काही बाया नाही गेल्या, वळण घराजवळ होतं. मॅडम त्यांना पुन्हापुन्हा भेटत, शिव्याही खात.

निवृत्तीनंतरही त्यांनी वर्षभर पदरमोड करून तपासण्या चालवल्या. मग आजारपण आलं. अंथरुणावरूनही मला विचारत, "या महिन्यात गेलास?" मी काहीतरी कारण सांगत असे.

त्या गेल्या तेव्हा हिरा पहिल्या एसटीने पेणला मॅडमच्या घरी आली. बाहेर ओट्यावर मला गाठून हळूच म्हणाली, "सर, बाईंनी दाखवलेली जागा अजून बरी हाय ना?"

वर्षभर मी तिकडे फिरकलोच नव्हतो.

"माहीत नाही, हिराताई," मी म्हणालो.

तिने डोळे पुसले. "मंगळवारी सकाळी ओहोटी हाय. बाटल्या घेऊन या."

मी गेलो.