मधलं स्टूल

दुपारची पाळी सुरू व्हायला अजून वेळ आहे. टेबलावर मालनच्या बदलीचा कागद सहीसाठी पडलाय आणि माझे डोळे मिटायला लागलेत. खाली पट्ट्यावरून दुधाच्या पिशव्या सरकताहेत. त्यांचा आवाज आधी लांब जातो, मग नाहीसाच होतो.

समोर कुंभोजकर अण्णा बसलेत, त्यांच्याच लोखंडी स्टुलावर. श्रावणात घरच्या मोरीत पाय घसरून ते गेले आणि डेअरीच्या पॅकिंग विभागात त्यांच्या जागेवर मी आले. स्टूल टाकवेना, म्हणून केबिनमध्ये ठेवून घेतलं.

मी चहा सांगू का विचारते. मेलेल्या माणसाला चहा विचारतेय हे कळतं, तरी विचारते.

"नको. बदली कुणाची करतीस?"

मी सांगते. मालन मशीन चालवते, मगदूम ते दुरुस्त करतो. अण्णा असताना दोघांचं इतकं जमायचं, की बाकीच्या पाळ्या हेवा करायच्या. आता दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मालन म्हणते मगदूम बदलला, मगदूम म्हणतो ती शेफारली. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकाने त्यांना जोडीनं फुगे फोडायला लावले. फुगे फुटले, बोलणं काही सुरू झालं नाही. एकाचे निरोप दुसऱ्याला नेऊन माझ्या चपला झिजल्या. आता मालनला लांबच्या संकलन केंद्रावर पाठवायचं. तिचे सासरे अंथरुणाला खिळलेत, हेही मला माहीत आहे.

अण्णा उठतात. आम्ही पॅकिंगच्या हॉलमध्ये आहोत, पण पट्ट्यावरून गढूळ पाणी वाहतंय. पलीकडच्या काठावर मालन, अलीकडे मगदूम. दोघांचे ओठ हलताहेत, ऐकू काहीच येत नाही.

"कुणी बदललं न्हाई गं," अण्णा म्हणतात. "मगदूम म्हणायचा, त्या बाईला मशीनमधलं काय कळत न्हाई. मी तिला सांगायचो, मशीनचा आवाज तुझ्याएवढा कुणी ओळखत न्हाई म्हणतोय. ती म्हणायची, हाक मारली तरी येत न्हाई, माजलाय. मी त्याला सांगायचो, तुझ्याबिगर तिचं पान हलत न्हाई."

"म्हणजे ते दोघं..."

"माझ्याशीच बोलत हुते. एकमेकांशी कवाच बोलले न्हाईत."

मला त्यांचा राग येतो. सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला माणूस, आणि एवढं सांगूनही गेला नाही. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघते आणि राग टिकत नाही.

"मला भांडण सोसायचं न्हाई," ते म्हणतात. "भांडू द्यायला पायजे हुतं. मी सावरायला हुतो तवाच."

आता त्यांच्या घरची मोरी आहे. स्टूल तिथंच, ओलं. अण्णा ते उचलायला बघतात, पण त्यांच्याने ते हलवत नाही. "तू धर," म्हणतात. मी दोन्ही हातांनी धरते. मान वर करते, तर पलीकडे कुणी नाही.

दार वाजतं आणि मी जागी होते. दारात मालन उभी आहे.

"मॅडम, त्या मगदूमला जरा तुम्ही सांगा..." बोलता बोलता ती सवयीने स्टुलाकडे बघते. स्टूल कोपऱ्यात जिथल्या तिथं आहे. माझ्या दोन्ही तळव्यांवर मात्र गंजाचे ओले, तांबडे पट्टे उमटलेत.

"मगदूमना इथं बोलाव," मी म्हणते. "तुझं तूच सांग. मी बसते, पण मध्ये बोलणार नाही."

तिचा चेहरा उतरतो, पण ती जाते. कागद टेबलावर तसाच आहे. त्यावर सही करायची तर आधी हात पुसावे लागतील. मी ते पुसत नाही.