संयोगिताताईंच्या अंगातली देवी

आमच्या थोरल्या जाऊबाई, संयोगिताताई, विट्याजवळच्या आमच्या गावात पिठाची गिरणी चालवतात. वय सेहेचाळीस. तोंडानं फटकळ, पण दळणात कधी चिमूटभर खोट नाही. गेल्या नवरात्रात गावानं त्यांना देवी केलं, आणि त्यात माझाही हात होता, हे आधीच कबूल करते.

भवानीच्या देवळात आरती चालली होती. मध्येच ताईंचा चेहरा लालबुंद झाला, घामाच्या धारा लागल्या. डोक्यावरचा पदर ओढून त्या हाश्शहुश्श करायला लागल्या. बाया हात जोडून ओरडल्या, "आई आली!" मी अतिशहाणी, पुढं होऊन त्यांचा मळवट भरला.

दुसऱ्या दिवसापासून गिरणीत दळण कमी आणि नारळ जास्त. वीस वर्षांत सुनेला कधी चहा न विचारलेल्या आमच्या सासूबाई, मनुबाई, तिला वारा घालू लागल्या. ताईंना खरं ठाऊक होतं. पाळी जायच्या आधी अंगाची अशी आग होते, झोप उडते, असं विट्याच्या डॉक्टरीणबाईंनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. पण आयता मान कुणाला नको असतो? ताई नारळ घेत राहिल्या.

आठव्या माळेला देवळात शेजारची धोंडुबाई त्यांच्या पायाशी बसली. चेहरा पांढराफटक. म्हणाली, "आई, तीन म्हयनं झालं, अंगावर जायचं थांबंना. डोळ्यापुढं अंधारी येती. दवाखाना करू का तुझं मंगळवार धरू? तू म्हणशील तसं."

सगळं देऊळ ताईंकडं बघत होतं. ताईंनी पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं.

"धोंडे, मी आई न्हाई. माझी पाळी जायला लागलीया, म्हणून आग हुती अंगाची. उपास न्हाई करायचा. उद्या माज्यासंगं दवाखान्यात चल."

पुरुषमंडळींनी माना खाली घातल्या. कुणीतरी म्हणालं, "पाप लागंल." सासूबाई उठल्या. आता ही म्हातारी हात उगारणार, म्हणून मी मध्ये पडायला पुढं झाले. पण त्या ताईंचा हात धरून रडायला लागल्या. "मला बी असंच व्हायचं गं. घरात म्हणायची, याड लागलं हिला. दोन वरीस शेतातल्या खोपीत निजत हुते. कुणी सांगितलंच न्हाई." ताईंनी त्यांना कुशीत घेतलं. मलाही रडू आवरेना.

सकाळी ताई, धोंडुबाई आणि मी अशा तिघींसाठी सीटवर भाडं घेणारी वडापची जीप बोलावली, तर चौकात अकरा बाया उभ्या. सासूबाई ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्यासुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी धोंडुबाईला आधी आत घेतलं. रक्त पार कमी झालं होतं. "वेळेवर आणलंत," त्या म्हणाल्या, "औषधानं बरी होईल." धोंडुबाई ताईंचे पाय धरायला वाकली, तर ताईंनी तिला दंडाला धरून उठवलं आणि चार शिव्या हासडल्या.

"आता कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. बाहत्तर वर्षांच्या सासूबाई काठी टेकत पुढं झाल्या.

"मी. मला तीस वर्सामागचं इचारायचंय."