बाप्तिस्मे शून्य, मुक्काम आहुपे

आमच्या पुण्यातल्या बॅप्टिस्ट मंडळीत ‘कोण जाणार?’ असा प्रश्न निघाला की सगळे आधी पंख्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मी मिशन समितीची सचिव, शाळेतून निवृत्त, गुडघे अजून चालू. तेव्हा जानेवारीच्या सभेत आहुपेचा दौरा माझ्याच गळ्यात पडला.

प्रकरण असं, की आंबेगाव तालुक्याच्या पार टोकाला, आहुपेच्या अलीकडच्या एका वाडीत रेमी नावाची मिझोरमची नर्स सहा वर्षं मिशनरी म्हणून राहते आहे. तिचा खर्च आमची मंडळी उचलते. सहा वर्षांत बाप्तिस्मे किती झाले? शून्य. समितीचे अध्यक्ष सॅम्युएलकाका बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना रकान्यात शून्य दिसलं की जेवण जात नाही. “जाऊन बघा, फॉर्म भरा. काही निष्पन्न नसेल तर मार्चअखेर तिला परत पाठवू,” ते म्हणाले. फॉर्म चार पानी होता, मीच तयार केलेला, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

तुम्हाला जायचं असेल तर शिवाजीनगरहून सकाळची मंचरकडची एस.टी. धरा. मंचरला मिसळ खा, पण तर्री वेगळी मागा, नाहीतर माझ्यासारखं परक्या गावात रुमालात तोंड खुपसून बसाल. मग घोडेगावला गाडी बदलायची. डिंभ्यापासून पुढे धरणाचं पाणी कितीतरी वेळ गाडीबरोबर चालतं आणि मोबाईलची रेंज तिथेच कुठेतरी उतरून जाते. तिकीट, मिसळ, चहा सगळं शंभराच्या नोटेत भागलं. आहुपेच्या गाड्या मोजक्याच, तेव्हा वेळ घोडेगावातच विचारून घ्या. खिडकीची जागा जरूर पकडा, पण वळणांना पोट सांभाळा.

कंडक्टरने विचारलं, “वाडीत कुनाकडं, मॅडम?”

“रेमीबाईंकडे.”

अर्धी गाडी वळून माझ्याकडे बघू लागली. “इन्स्पेक्शन हाय का?”

“नाही हो. फक्त अहवाल लिहायचाय.”

“म्हंजी इन्स्पेक्शनच,” असं म्हणून त्याने घंटी मारली.

रेमीशी बोलायला मी सोपी इंग्रजी वाक्यं पाठ करून गेले होते. गाडीतून उतरले तर स्वेटर घातलेली, ठेंगणी, गोऱ्या गालांची एक बाई हसत पुढे आली आणि म्हणाली, “आलात व्हय मॅडम? गाडीला लई उशीर झाला. चला, पाय धुवा, भात टाकते.” माझी पाठ केलेली वाक्यं वाया गेली. नंतर तर ‘तुमचं मराठी कळायला जरा अवघड हाय’ असं तिने मलाच ऐकवलं.

तिची खोली म्हणजे दवाखाना, बालवाडी आणि चर्च, तिन्ही एकातच. भात शिजवताना ती मापाने तांदूळ घ्यायची आणि त्यातली एक मूठ परत काढून बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची. दुपारी काढली, संध्याकाळी काढली, दुसऱ्या सकाळीही काढली. मला वाटलं, पाहुणी आली म्हणून हिने हात आखडता घेतलाय. मी मनात ‘आदरातिथ्य: मध्यम’ असा शेराही तयार ठेवला. मग राहवेना, म्हणून विचारलं.

“आमच्या मिझोरमात घरोघर असंच करत्यात,” ती म्हणाली. “सैपाक करताना एक मूठ बाजूला. ती मिशनरी लोकांसाठी. आमच्या मंडळीची एक पोरगी कंबोडियात हाय. डबा भरला की मी दुकानात इकते आन पैसे तिला पोचवते.”

म्हणजे आम्ही हिला पोसत होतो आणि ही आमच्या भातातून कंबोडिया पोसत होती! माझ्या चार पानांत याला रकानाच नव्हता. मला माझ्या ‘मध्यम’ची चांगलीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी फॉर्म काढला. “रविवारच्या उपासनेला उपस्थिती किती?”

“मी. आन शेजारच्या कोंडिबामामांची बायको, म्हातारी. पन ती गुडघ्याला तेल लावून घ्यायला येती.”

“बाप्तिस्मे?”

“नाय मॅडम.” तिने मान खाली घातली. “परत पाठवनार ना मला?”

मी फॉर्म मिटला. फिरून येते म्हणून मी देवराईत गेले. ही देवराई मात्र चुकवू नका. झाडं इतकी दाट की दुपारीही स्वेटर काढावासा वाटत नाही. तिथे फांदीसुद्धा कुणी तोडत नाही. खाली ओढ्याला एक डोह आहे, तिथे बसून मी बराच वेळ सॅम्युएलकाकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण फॉर्म तर माझाच होता.

परतले तर रेमीच्या अंगणात दहा-बारा माणसं बसलेली. पुढे कोंडिबामामा, सत्तरीचे, डोक्याला टॉवेल. इन्स्पेक्शनची बातमी कंडक्टरने पोचवली होती आणि फॉर्ममधल्या शून्याची बालवाडीतल्या पोरांनी.

“मॅडम, तुमच्या फारमात किती मानसं लागत्यात?” त्यांनी थेट विचारलं.

“कसली माणसं?”

“बुडवायची. तुमच्यात पान्यात बुडवत्यात ना? आमी पाच जन तयार हाय. डोह हितंच हाय. उद्या सकाळी बुडतो, तुमी लिवून टाका.”

मी थक्क झाले. “मामा, असं नसतं. त्याला आधी विश्वास लागतो.”

“इस्वास हाय की. बाईवर लई इस्वास हाय. माझी नात जगली ती हिच्यामुळं. आमचा देव हाय तितंच ऱ्हाईल, तो काय रागवायचा नाय.”

मागून एक बाई म्हणाली, “पाच कमी पडत आसतील तर आमी बाया पन बुडू. थंडीचं जरा पानी तापवून घेऊ.”

“आख्खा डोह?” दुसरीने विचारलं, आणि अंगणात हशा पिकला.

खरं सांगते, क्षणभर मला मोह झाला. पाच आकडा रकान्यात काय सुंदर दिसला असता! काका जेवले असते, रेमी राहिली असती, कुणाचं काय बिघडलं असतं? तेवढ्यात रेमी दारात आली. डोळे भरलेले होते, पण आवाज पक्का होता.

“मामा, न्हाई. माझ्यासाठी कुनी बुडायचं न्हाई. खोटं लिवून मी हितं ऱ्हानार न्हाई.”

 मग मामांची म्हातारी उठली, पदराच्या गाठीतून मूठभर तांदूळ काढले आणि आत जाऊन त्या डब्यात टाकले. मी विचारलं, “तुम्हीपण टाकता?”

“समद्याच टाकतो. बाईची मानल्याली भैन हाय ना थितं, कंबोडियात.”

“कुठे आहे हे कंबोडिया, माहीत आहे?”

“आसंल की भीमाशंकरच्या पल्याड. लांब हाय म्हनूनच टाकायचं.”

येताना मी वाट वाकडी करून पिंपरी पेंढारला मावसबहिणीकडे एक दिवस थांबले. हातात एक दिवस जादा असेल तरच तुम्ही हे करा. तिथल्या ओट्यावर बसून मी फॉर्म बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर घडलं ते सगळं लिहिलं. बाप्तिस्मे शून्य, तेही लिहिलं.

सभेत मी वाचलं. सॅम्युएलकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “म्हणजे एकही बाप्तिस्मा नाही,” ते म्हणाले, “आणि अख्खी वाडी कंबोडियातल्या मिशनरीला मदत करते?”

“हो.”

“आपल्या मंडळीतली किती घरं करतात?”

आता सगळ्यांनी पंख्याकडे बघितलं, मीसुद्धा. काकांनी रेमीला आणखी तीन वर्षं मंजूर केली.

मी तिथे काय बघायला गेले होते आणि काय बघून आले, याचा हिशेब अजून जुळत नाही. माझ्या फॉर्मचा अभिमान मात्र गेला, ते बरंच झालं.

परवा, मंजुरीचं पत्र वाडीत पोचायच्या आतच, घोडेगावच्या एस.टी.डी. बूथवरून फोन आला. कोंडिबामामा होते, मुद्दाम गाडी करून आलेले. “मॅडम, ऱ्हायली का बाई?”

“राहिली, मामा. तीन वर्षं.”

पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. “मंग आता बुडायचं न्हाई ना?”

“नाही, मामा.”

“बरं झालं. पान्याची मला ल्हानपनापासनं लई भीती. डोहाच्या काठालासुदिक मी कधी गेल्यालो न्हाई.”