बॅरनसाहेबांचा पांढरा कोट

परक्या माणसासाठी मी आयुष्यात एकच नवस बोलले. आमच्या बॅरनसाहेबांची त्यांच्या बहिणीशी एकदा भेट होऊ दे, असा. बहारीन सोडून इतकी वर्षं झाली, तरी तिथली दोन माणसं भेटली की साहेबांचा एक किस्सा निघतो आणि त्याला धरून दुसरा. 

साहेब हंगेरीचे, खरेखुरे बॅरन, म्हणजे तिथले जहागीरदार. महायुद्धानंतर गढी, जमीन, घोडे सगळं सरकारजमा झालं आणि देशोदेशी फिरत ते बहारीनमधल्या हूरा भागातल्या एका हॉटेलात पोचले. डायनिंग हॉलच्या दाराशी पांढरा कोट घालून उभं राहायचं आणि आलेल्यांना टेबल दाखवायचं, ही त्यांची ड्यूटी. आमचे हे तिथेच एसीचे इंजिनिअर. बहारीनला सौदीशी जोडणारा समुद्रावरचा पूल तेव्हा व्हायचा होता. एकाच बिल्डिंगमध्ये साहेब खाली, आम्ही वर, आणि आमच्या समोर वसईची फिलोमेना, हॉस्पिटलात नर्स.

*

पहिल्यांदा ओळख करून द्यायला हे त्यांना घरी घेऊन आले. मी कणीक मळत होते, तशीच बाहेर आले. साहेब कमरेत वाकले आणि कणकीचाच हात धरून त्यावर ओठ टेकवले! त्यांच्या मिशीला पीठ.

साहेब शांतपणे म्हणाले, "आमच्या घरी रोज ब्रेड व्हायचा. पण तो करणारा हात मी कधी पाहिला नव्हता."

ते गेल्यावर हे म्हणाले, "आता धू तो हात, का एकादशीपर्यंत तसाच ठेवणार आहेस?"

*

एकदा हॉटेलात कुणा तरण्या पाहुण्याने बोटं वाजवून साहेबांना बोलावलं. साहेब गेले, त्याचा नॅपकिन नीट घडी करून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "सर, असं बोलावायची सवय मलाही होती. माझ्या कुत्र्यांना. तीसुद्धा यायची नाहीत."

*

माझ्या सोळा सोमवारांच्या उद्यापनाला त्यांना जेवायला बोलावलं. खुर्ची देत होतो, ऐकेनात. सगळ्यांसारखे पाटावर बसले, पुरणपोळी आवडीने खाल्ली, आणि उठताच येईना. एका बाजूने हे, दुसऱ्या बाजूने फिलोमेना. साहेब मध्ये लोंबकळत म्हणतात, "रशियन आले तेव्हासुद्धा मी इतका खाली बसलो नव्हतो."

*

बहिणीचं नाव इलोना. ती मागे हंगेरीतच राहिली. साहेब तिला हॉटेलच्या छापील कागदावर पत्र लिहायचे, आणि हे हॉटेल माझंच आहे, असं त्यांनी तिला कळवलं होतं.

मग तिचं पत्र आलं. तिला तिथल्या सरकारकडून महिनाभर व्हिएन्नाला जायची परवानगी मिळाली होती, तू ये म्हणत होती. तीस वर्षांनी भेट!

"जाता ना?" आम्ही विचारायचो.

"इंशाल्ला."

"या माणसाचं इंशाल्ला म्हणजे खलास, जाणं नाहीच," फिलोमेना म्हणायची. शेवटी ती चिडलीच. "तुमचं तोंड बघायला बोलावतेय ती, कोट बघायला नाही."

"तोंड आईसारखंच आहे, फिलोमेना. कोटाचंच काय करू? विचारेल ना ती, हॉटेल कसं चाललंय म्हणून."

त्याच दिवशी मी देवापुढे हात जोडले. बहीणभाऊ भेटेपर्यंत साखर सोडली. नवस फिटेपर्यंत ओठाबाहेर काढायचा नाही, ही सासूबाईंची शिकवण. साहेबांनी चहाच्या वेळी विचारलं तर म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय." फक्त फिलोमेनाला ठाऊक होतं, कारण नर्सपुढे ते खोटं टिकेना.

महिना संपला. इलोना व्हिएन्नाहून एकटीच परत गेली.

मी साखर घेतली नाही. म्हटलं, पुढच्या वर्षी.

*

पुढच्या वर्षी पत्र आलं ते तिच्या शेजारणीचं. इलोना गेली होती.

फिलोमेनाला राहवलं नाही, तिने साहेबांना माझ्या साखरेचं सांगून टाकलं. दुपारी दार वाजलं. साहेब ड्यूटीवरून तसेच आले होते, पांढऱ्या कोटात.

"मॅडम, तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"सांगायचं नसतं," मी म्हटलं.

"एका बाईने माझ्यासाठी व्रत धरलंय हे कळलं असतं, तर मी असाच गेलो असतो. याच कोटात."

मी चहा टाकला. साहेबांनी साखरेचा डबा पुढे ओढला, माझ्या कपात दोन चमचे घातले, ढवळून कप माझ्या हातात दिला. स्वतःचा बिनसाखरेचाच प्यायले.

"आता हे व्रत माझ्याकडे," ते म्हणाले.

आम्ही बहारीन सोडेपर्यंत त्यांनी आमच्याकडे साखर घेतली नाही.

मी आता देवापुढे हात जोडायच्या आधी, ज्याच्यासाठी मागायचं त्या माणसाचं दार वाजवते. तुमच्याही मनात कुणासाठी असा नवस असेल, तर आजच जाऊन त्याला सांगून या.